बर्फावरचे देखणे

चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाकडे राहायची, आणि वहिनीशी तिचं असं गूळपीठ होतं की भाऊ म्हणायचा, "या घरात पाहुणा मीच."

कर्लिंगचं वेड दोघींना एकदमच लागलं. वहिनीचा गुडघा दुखावला होता, सहा आठवडे पलंगावर काढायचे होते, आणि टीव्हीवर दुसरं धड काही लागत नव्हतं. बर्फावरून एकजण जड दगड अलगद सोडतो आणि दोघे त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळतात, म्हणजे दगड लांब जावा आणि पलीकडच्या वर्तुळात थांबावा.

"घरी केर काढ म्हटलं तर यांच्या कपाळाला आठ्या पडतात," वहिनी म्हणाली, "आणि हे बघ, कसे जीव तोडून झाडतायत!"

मग खेळ राहिला बाजूला. कुणाची हनुवटी, कुणाचे खांदे, एका गुडघ्यावर रेलून बर्फावरून घसरत येताना दगडावर खिळलेली कुणाची नजर. वहिनीने हसता हसता नेटवर एक पान उघडलं, 'बर्फावरचे देखणे'. फोटो बेबी शोधायची किंवा काढायची, खालच्या खोडकर ओळी वहिनीच्या. दोन वर्षांत चाळीस हजार लोक जमले. दुकानात कुणाला याचा पत्ता नव्हता.

दोघींचा सगळ्यात लाडका खेळाडू त्यांच्याच गावातल्या क्लबचा होता. त्याला त्या सुतार म्हणत, कारण तो खरोखरच सुतार होता. दिवसा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये रंधा मारायचा, संध्याकाळी बर्फावर. त्याचा फोटो टाकला की पानावर नुसती झुंबड उडायची.

त्या बुधवारी बेबी दुकानातून परस्पर सराव बघायला गेली. बर्फाच्या कडेला सुतार गुडघ्यावर बसला होता, आणि सातेक वर्षांची एक मुलगी त्याच्या हाताखाली ब्रश धरायला शिकत होती. शाळेतून थेट आलेली असावी, अंगात निळा स्वेटर, छातीवर बिल्ला. "मामा, माझा हात सोड ना!" ती ओरडली आणि दोघे खदखदून हसले. बेबीने फोन वर केला. सरावाच्या वेळी फोटो काढू नयेत, असा फलक दाराशीच होता. तिने तो वाचलेला होता.

फोटो सुरेख आला. वहिनीने खाली लिहिलं, 'झाडायला शिकवणारा असा मामा सगळ्यांना मिळो!'

शुक्रवारी दुपारी, पावणेतीनच्या सुमारास, बेबी हातातली काच पुसत होती तेव्हा फोन वाजला. पानावर 'बर्फवेडा' नावाचा एकजण नेहमी यायचा, त्याचा निरोप होता. गुरुवारी त्याने विचारलं होतं, मुलीच्या स्वेटरवरचा बिल्ला कुठल्या शाळेचा, पुतणीला तिथेच घालायचंय. बेबीने शाळेचं नाव सांगून टाकलं होतं. आता त्याने विचारलं होतं, 'शाळा साडेतीनला सुटते ना?'

'हो' असं लिहून तिने पाठवलंसुद्धा. मग तिचा हात थांबला. पुतणीला शाळेत घालायचं असेल तर माणूस शाळा भरते कधी ते विचारेल, सुटते कधी ते कशाला? आणि आज, या वेळेला?

तिने त्याचं खातं उघडलं. त्याचा चेहरा नाही, गाव नाही, कुणी मित्र नाहीत. खातं पाच महिन्यांपूर्वीचं. ती मागे मागे जात त्याचं लिखाण वाचू लागली. तो फक्त सुताराच्या फोटोंखाली लिहायचा. 'झकास! घरचं कुणी येतं का मॅच बघायला?' 'बहीण आहे म्हणे याला, ती पण इतकीच देखणी का?' 'एकटाच राहतो की कुणी सोबत?' आणि प्रत्येकाखाली तिचं किंवा वहिनीचं उत्तर. गमतीचं, डोळा मारल्यासारखं. पाच महिने त्या दोघी त्या माणसाला हातभार लावत होत्या.

तिने वहिनीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बेबी, उगाच पराचा कावळा करू नकोस. फोटो काढून टाक आणि गप्प बस."

"आणि खरं असलं तर?"

"आणि नसलं तर? त्या माणसासमोर जाऊन काय सांगशील? की तुम्ही देखणे दिसता म्हणून दोघी बायका चोरून तुमचे फोटो काढतो? तोंड दाखवायला जागा राहील का?"

"नाही राहणार," बेबी म्हणाली आणि फोन ठेवला.

फोटो तिने चालता चालताच काढून टाकला. वर्कशॉप दहा मिनिटांवर होतं, ती सहा मिनिटांत पोचली. आत करवतीचा आवाज चालू होता. सुतार पाठमोरा होता, केसांत भुसा. दोन वर्षं जो माणूस ती काचेपलीकडून बघत आली होती तो हातभर अंतरावर उभा होता आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"मी तुमच्या भाचीचा फोटो नेटवर टाकला," ती करवतीच्या आवाजावर ओरडून म्हणाली. "एक माणूस तिची शाळा विचारत होता. मी सांगितली. कधी सुटते तेही सांगितलं."

त्याने करवत बंद केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिला दिसला. तू कोण, का टाकलास, काहीच नाही. "किती वाजले?" एवढंच त्याने विचारलं.

"तीन वाजून दहा."

गाडीत त्याने बहिणीला फोन लावला. ती कामावर होती, फोन लॉकरमध्ये असणार. शाळेचा नंबर सतत गुंतलेला. "तुम्ही लावत राहा," म्हणत त्याने फोन तिच्या मांडीवर टाकला. मग सिग्नलला, समोर बघतच, त्याने दोन-चार वाक्यांत सांगितलं. बहिणीच्या नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. मुलीच्या जवळ जायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता त्याला. तो मानायचा नाही, म्हणून दोघींना गुपचूप इथे आणलं होतं आणि सगळ्यांना सांगितलं होतं की त्या परदेशी गेल्या.

"आईचा फोटो तर कुठेच नव्हता," बेबी पुटपुटली.

"चिऊला ओळखायला त्याला आईचा फोटो कशाला लागतो? बाप आहे तो."

सिग्नल सुटेना. बेबीच्या तळहाताला असा घाम सुटला होता की फोन निसटत होता. शाळेच्या गल्लीत पालकांच्या गाड्यांची रांग लागली होती आणि ती हलत नव्हती. साडेतीनला दोन मिनिटं कमी.

"तुम्ही उतरा," सुतार म्हणाला. "मी गाडी टाकून येतो. तिला धरून ठेवा फक्त."

बेबी पळाली. कित्येक वर्षांत ती पळाली नव्हती. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा घंटा झाली आणि निळ्या स्वेटरांचा लोंढा बाहेर आला. शंभर मुली, सगळ्या सारख्या. तिने एकेक चेहरा बघायला सुरुवात केली. मग तिला कुंपणाशी एक मुलगी दिसली, जी हलत नव्हती.

चिऊसमोर एक माणूस वाकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. तिचं दप्तर त्याने एका हाताने धरलं होतं आणि हळू आवाजात तो काहीतरी समजावत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती मायेने बोलतोय. मुलीचे दोन्ही हात मात्र ताठ, अंगाला चिकटलेले.

बेबीने जाऊन दप्तराचा दुसरा पट्टा पकडला.

"चिऊ, मामा आलाय. चल."

माणूस सरळ झाला. "तुम्ही कोण?"

"मी चष्म्याच्या दुकानात असते," ती म्हणाली, कारण दुसरं काही सुचेना.

त्याने तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तो हसला. "अच्छा, त्या तुम्हीच! फोटो फार छान काढता हं तुम्ही."

तिने पट्टा सोडला नाही. त्याने दप्तर हलकेच ओढलं, तिनेही ओढलं.

"बाई, माझी मुलगी आहे. तमाशा करू नका."

"करणार," बेबी म्हणाली, आणि मग तिला स्वतःलाच माहीत नसलेल्या आवाजात ती ओरडली, "हा माणूस मुलीला पळवतोय! कुणीतरी बाईंना बोलवा!"

गल्लीतल्या सगळ्या माना वळल्या. फाटकावरच्या शिक्षिका धावल्या. त्यांच्या मागून सुतार आला, त्याने चिऊला उचललं, आणि तिने त्याच्या मानेला अशी मिठी मारली की त्याला बोलताही येईना. माणसाने दप्तर सोडलं, शर्टाची बाही सारखी केली आणि शांतपणे चालत गल्लीच्या टोकाकडे निघून गेला. पोलिसांनी त्याला संध्याकाळी बसस्टँडवर पकडलं. त्याच्या खिशात दोन तिकिटं होती, एक मोठ्याचं, एक लहानाचं.

चिऊची आई शाळेत आली तेव्हा कामावरचा एप्रन तिच्या अंगावरच होता. तिने मुलीला चाचपून बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग ती बेबीकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तो फोटो अजून कुठे कुठे आहे?"

बेबीने फोन उघडला. "मी काढून टाकलाय. पण त्याआधी तीनशे बारा जणांनी तो उतरवून घेऊन, आमच्या पानाचं नाव देऊन पुढे टाकलाय."

"म्हणजे आम्हाला पुन्हा निघायला हवं," ती भावाला म्हणाली. बेबीशी ती त्यानंतर एक शब्दही बोलली नाही. आठवड्याभरात मायलेकी गाव सोडून गेल्या. कुठे, ते बेबीने विचारलं नाही.

त्या शुक्रवारी रात्री वहिनी फुरंगटून बसली होती. पान बंद करायचं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, दोन वर्षांची मौज होती ती. पण जेवणं आटोपल्यावर तीच खुर्ची ओढून बेबीशेजारी बसली. "तू वरून सुरू कर, मी खालून करते." तीनशे बारा लोकांना दोघींनी एकेक करून लिहिलं. पंधरा दिवस लागले. बऱ्याच जणांनी फोटो काढून टाकला, काहींनी उत्तरच दिलं नाही, एकीने कळवलं की इतका गोड फोटो ती मुळीच काढून टाकणार नाही. शेवटी एकोणीस उरले. मग, पोलिसांनी त्यावरचं सगळं लिखाण उतरवून घेतल्यावर, त्यांनी पान मिटवलं.

चार महिन्यांनी कोर्टात बेबीची साक्ष झाली. समोरचा वकील चतुर होता. तो म्हणाला, "बाई, या कुटुंबाशी तुमचा काही संबंध नाही. मग हा फोटो तुम्ही काढलातच का?"

सुतार दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्या पलीकडे तो माणूस, तसाच नीट भांग पाडून. काहीही सांगता आलं असतं, खेळाची आवड, क्लबची प्रसिद्धी.

"ते देखणे दिसतात म्हणून," बेबी म्हणाली. "दोन वर्षं काढत होते. न विचारता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान तापले, पण ती पुढे बोलत राहिली, बर्फवेड्याचे सगळे प्रश्न आणि त्यांना त्या दोघींनी दिलेली उत्तरं, तारखेनिशी. त्या तारखांवरच हुकूम मोडल्याचं सिद्ध झालं आणि त्या माणसाला शिक्षा लागली.

बाहेर जिन्यापाशी सुतार उभा होता. तो वाळला होता. त्या मोसमात तो बर्फावर उतरलाच नव्हता.

"तुम्ही आलात म्हणून ती वाचली," तो म्हणाला. "आणि तुमच्यामुळेच ती सापडली. मी दोन्ही एकदम मनात धरायला जातो, पण जमत नाही."

"नका धरू," बेबी म्हणाली.

त्याने मान हलवली, आणि तो जिना उतरून गेला.