दोन गल्ल्यांची प्रवासी बॅग

मित्रांनो, मी एक जुनी निळी प्रवासी बॅग आहे. प्रवासी आपलं म्हणायचं! माझ्या वयाच्या बॅगांनी समुद्र ओलांडले. मी जन्मात फक्त दोन गल्ल्या ओलांडल्या. बाकी सगळं आयुष्य मिनेसोटातल्या या छोट्या गावात, कपाटात, बर्फात घालायच्या बुटांशेजारी गेलं. बूट निदान बाहेर तरी जातात.

मला आइली कोर्पेला यांनी विकत घेतलं, तेही नाइलाजाने. आइलीबाई तलावाकाठी एका मोठ्या कंपनीच्या नावाचं आइस्क्रीमचं दुकान चालवत. पाटी कंपनीची, यंत्र कंपनीचं, राबणं बाईंचं. आजीच्या पद्धतीचा वेलदोड्याचा पावही त्या काउंटरवर ठेवत. दुकान तपासायला येणाऱ्या कंपनीच्या माणसाने तो दोन वर्षं चवीने खाल्ला. "ठेवा की, काय बिघडतं!" असं चारचौघांत म्हणाला. मग त्याच्या जागी दुसरा माणूस आला आणि कंपनीचं पत्र आलं: यादीबाहेरचा माल विकलात, करार रद्द, पाटी उतरवा. भांडायचं असेल तर करारातल्या अटीप्रमाणे फ्लोरिडातल्या कोर्टात या.

फ्लोरिडा देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्या माणसाचं बोलणं ऐकलेले सगळे इथे, पोस्टातला एस्को काय, चर्चमधल्या बायका काय. त्यांना तिकडे कोण नेणार? एकट्या बाईचं कोण ऐकणार? वीस वर्षांचं दुकान हातचं जाणार, हे बाईंना दिसत होतं. त्या माझ्यात कपडे भरत आणि डोळे पुसत. खोटं कशाला बोलू, मी मात्र खुशीत होते. मला विमान दिसणार होतं ना!

निघायच्या आदल्या दिवशी त्यांची थोरली बहीण हेल्मी आली. मासे तोलायचा काटा तिने माझ्या मुठीत अडकवला आणि मला उचललं.

"अगं, दगड भरलेस का? विमानवाले घेतील तरी का हे धूड?"

"करार आहे तो, ताई. सगळा न्यायला नको?"

"ही मागची पानं तरी काढ. वाचलीस का कधी?"

"सही घ्यायला माणूस दारात उभा होता. त्याला ताटकळत ठेवून वाचत बसणं बरं दिसतं का?"

"हो, दुकान गेलं तरी चालेल, पण बरं दिसलं पाहिजे!"

हेल्मीताई कुरकुरत पानं काढू लागली आणि मध्येच थांबली. कायद्यामुळे कंपनीला जोडावंच लागलेलं शेवटचं पान तिने मोठ्याने वाचलं. मिनेसोटातल्या दुकानदाराला राज्याबाहेर खटला लढायला भाग पाडता येत नाही, तसा इथला कायदा आहे. मग करारात आधी काहीही लिहिलेलं असो.

आइलीबाईंनी ते पान तिच्या हातातून ओढून घेतलं. "म्हणजे मला जायला नको?"

"त्यांनाच येऊ दे इकडे. जानेवारीच्या थंडीत!"

दोघी हसत सुटल्या. कपडे परत कपाटात गेले. माझं विमान हुकलं आणि मला फार वाईट वाटलं.

बाईंनी गावातल्याच कोर्टात दावा लावला. सुनावणीच्या सकाळी त्यांनी मला पुन्हा काढलं.

"दोन गल्ल्यांसाठी बॅग?" हेल्मीताईने टोमणा मारला.

"घेतलीय ना एकदा? मग कागद हातात कशाला वागवू?"

बर्फातून माझी चाकं खडखडत गेली. आमच्या लहानशा कोर्टात बसायला जागा नव्हती. एस्को उठला, बायका उठल्या. पाव कोणी खाल्ला, काय म्हणाला, एकेकाने सांगितलं. कंपनीच्या वकिलाची बॅग माझ्याशेजारी उभी होती, मुठीला विमानाच्या चिठ्ठ्या, चाकांना आमच्या गावचा बर्फ. निकाल बाईंच्या बाजूने लागला आणि पाटी जागेवर राहिली.

आता मी परत कपाटात आहे. एकटेपणा खायला उठतो. आज सकाळी बाई बूट घ्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या अंगाला वेलदोड्याचा वास होता. दार लगेच बंद झालं.

मित्रांनो, दारातला माणूस ताटकळला तर ताटकळू द्या, पण सहीआधी शेवटचं पान वाचा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी कुठेही न गेलेली बॅग असेल, तर अधूनमधून तिच्यावरची धूळ पुसत जा. ती घरात राहिली, म्हणून कोणाचं तरी दुकान राहिलं असेल.