आगबोटीवरचा वरचा रंग

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, तेव्हा मी त्यांच्या आगबोटींचा रंग काढायला बसले. प्लास्टिकच्या पाच छोट्या बोटी, प्रत्येक हातभर लांब, आणि पाचही लहान पोराने रंगवाव्यात तशा रंगवलेल्या.

मूळच्या तशा नव्हत्या. तीस वर्षं हे इनॅमलने रंगवायचे. धुराड्यावरची पट्टी दोऱ्याएवढी, कडेची गोल खिडकी टाचणीच्या डोक्याएवढी. अशा छोट्या बोटी करणाऱ्यांच्या क्लबात ह्यांच्या हाताला मान होता. मग डोळे गेले, तेही एकदम नाही, हळूहळू. ह्यांना वाटलं, बोटींचेच रंग उडालेत. "ऊन लागतंय त्यांना," म्हणाले, आणि शेवटच्या वर्षात पाचही बोटी वरून पुन्हा रंगवल्या. रंग काही उडाला नव्हता. मी सांगायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या वर्षी प्रदर्शनात दोन बोटी ठेवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "झाडूने रंगवली वाटतं." हशा पिकला. ह्यांना दिसत नव्हतं, पण कान तिखट होते.

यंदा क्लबातल्या वकिलांचा फोन आला. ते खरेच वकील आहेत, आणि क्लबातही वकिलीच करतात. "वहिनी, एक टेबल फक्त त्यांच्या बोटींसाठी राखलंय. द्याल ना?" म्हटलं, देते, पण आधी त्यांचा खरा हात वर आणते. पुन्हा कोणी हसलं असतं तर माझ्याच्याने सोसलं नसतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं मदतनीस होते, त्यामुळे बाटल्यांना भीत नाही. रंगाच्या दुकानदाराने सल्ला दिला, "अ‍ॅसिटोन न्या, झटक्यात निघेल." उचलली जीभ, लावली टाळ्याला! झटक्यात बोटच गेली असती, अ‍ॅसिटोनने हे प्लास्टिक विरघळतं. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. ह्यांच्या रंगकामाच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या, हातात रबरी मोजे, स्वयंपाकघरातली शेगडी बंद. आधी एका बोटीच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाचा बोळा टेकवला आणि थांबले. वरचा रंग पाण्यातला होता, तो मऊ पडून बोळ्याला आला. खालचं जुनं इनॅमल ढिम्म हललं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

वर उभा असलेला कप्तान मात्र रेझिनचा, ह्यांनीच साच्यात ओतलेला. रेझिनचा भरवसा नसतो, जास्त भिजलं तर मऊ पडतं. म्हणून त्याला सोडवून नुसता पुसला आणि लगेच साबणाच्या पाण्यात धुतला. बोटही बुडवून ठेवली नाही. दोन बोटांएवढी जागा घ्यायची, पुसायची, बोळा टाकायचा, नवा घ्यायचा. मला तरी कुठे जायची घाई होती!

तीन सकाळी अशा गेल्या. काळी कड सुटी झाली, तिच्यावरची पांढरी रेघ आली, मग एकेक खिडकी. "बघा, आला की नाही तुमचा हात?" मी मोठ्याने म्हटलं. मग खोलीत कोणी नाही हे लक्षात आलं आणि मी नवा बोळा घेतला.

चौथ्या दिवशी धुराडं घेतलं. लाल रंग नुसता थापलेला, आणि त्यात एक अंगठ्याचा ठसा. मी बोळा फिरवला. ठसा पुसला गेल्यावर मला आठवलं, तो माझा होता.

"वाळलाय का बघ गं," हे म्हणाले होते, आणि बघायचं सोडून मी अंगठा दाबला होता. मी चुकचुकले तर हसत म्हणाले, "असू दे. कोण बघतंय? मी तर नाहीच."

तीस वर्षं ही खोली मला बंद होती. इनॅमलच्या वासाने माझं डोकं उठायचं, म्हणून हे दार लावून बसायचे. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचे आणि तासाने यायचे. दोन माणसांच्या घरात मी एकटीच राहायचे. डोळे गेले तेव्हा बाटल्यांवरची नावं वाचायला ह्यांना माणूस लागलं, आणि मला त्रास नको म्हणून पाण्यातले, बिनवासाचे रंग आणले. म्हणून तर ते इतक्या सहज निघत होते. त्या वर्षी दुपारच्या दुपार आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. लाल की शेंदरी यावरून कडाकडा भांडलो. माझ्या संसारातलं सगळ्यात चांगलं वर्ष ते, आणि मी ते बोळ्याबोळ्याने पुसून डब्यात टाकलं होतं.

मी मोजे काढून रडले. ते डोळ्यांना लावू नयेत एवढी अक्कल शिल्लक होती.

रविवारी वकील आले. बोट खिडकीशी नेऊन म्हणाले, "वा! हाच तो हात. बाकीच्या चार कधी करताय?"

"नाही करत."

"अहो वहिनी, लोक हसतील. मागच्या वेळी काय झालं ते..."

"हसू देत. चारही आहेत तशा मांडायच्या."

वकिलांनी खिशातून पेन काढलं, कारण प्रत्येक बोटीपुढे करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागते. स्वच्छ केलेल्या बोटीच्या चिठ्ठीवर ह्यांचं नाव लिहिलं.

"आणि ह्या चौघींच्या?"

"ह्यांचं आणि माझं."

"तुम्ही रंगवल्यात?"

"मी शेजारी बसले होते."

वकिलांनी खाली मान घालून चारही चिठ्ठ्यांवर दोन-दोन नावं लिहिली.

"प्रदर्शन संपलं की ह्या चार परत आणून द्या," मी म्हटलं. "ती पाचवी क्लबातच राहू दे. तिच्यात आता माझं काही नाही."