दुपारी एकचा चौक

पिठाच्या गिरणीतून ओढलेली काळी वायर. बांबूंना बांधलेली पांढरी चादर. भिंतीच्या सावलीत झोपलेले एक कुत्रे. भूमितीचे उसने पुस्तक. मुंबईहून धुऊन आलेले रीळ.

मित्रांनो, या साऱ्या वस्तू एकाच गोष्टीतल्या आहेत, आणि ती गोष्ट माझ्या पोटातून गेली आहे. मी प्रोजेक्टर. सोळा मिलिमीटरच्या फिल्मचा, आता जुना, एक बटण तुटलेला. नागपूरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात मी साठच्या दशकात आलो.

मला घडवले कारखान्याने, पण कामाला लावले उत्तराबाईंनी. त्या नगररचना शिकवत. परदेशी शहरांवरचे माहितीपट मागवत आणि माझा आवाज बंद करून दाखवत. म्हणत, "सांगणारा काय सांगतो ते नंतर ऐकू. आधी बघा, माणूस कुठे थांबतो, कुठे वळतो." मग त्या माझा उलट फिरवायचा खटका ओढत. पडद्यावरची माणसे मागे मागे चालत आपापल्या घरात शिरत. मुले हसत. हसता हसता त्यांच्या लक्षात येई, की पायवाट आखली एकीकडून आणि लोक चालतात भलतीकडूनच. पाहुणे आले की प्राचार्य माझ्यावर हात ठेवून उभे राहत. मला ते आवडे.

(इथे फिल्म तुटली. जरा थांबा, जोडतो.)

बाहत्तरचा उन्हाळा. एका वस्तीतला रस्ता रुंद करायचा होता आणि तिथल्या चौकाची पाहणी कॉलेजकडे आली होती. चौकात दगडी ओटा होता, ओट्याला लागून म्युनिसिपालटीच्या दिव्याचा खांब. श्रीधर नावाचा विद्यार्थी कॅमेरा घेऊन गेला. चित्र नीट उठायला ऊन हवे, म्हणून त्याने दुपारी एकची वेळ निवडली. मे महिन्यातली, नागपुरातली दुपार. रीळ धुऊन आले तेव्हा त्यात ओटा होता, कुत्रे होते, माणूस नव्हता. अहवालात वाक्य पडले: ओटा वापरात नाही, खांबासह काढावा.

अहवाल देण्याआधी फिल्म त्या वस्तीतच दाखवायची, हा बाईंचा नियम. एका संध्याकाळी सायकलरिक्षातून मला चौकात नेले. चादर बांधली. ओट्यावर लोक दाटीवाटीने बसले. मी सुरू झालो.

"हे कोणतं गाव होय गा?" अंजनाबाईंनी विचारले. त्या ओट्यासमोरच राहत.

"आपलाच चौक होय न, माय," देवराव म्हणाले. गिरणी त्यांची, वायरही त्यांचीच.

"मंग माणसं कुठी गेली सारी?"

"तू घरात घोरून राहिली होती, दिसशीन कशी?"

ओटा हसला. देवरावही हसले, मग श्रीधरकडे वळले. "बाबू, मे महिन्यात एक वाजता इथं कोण बसन? काहून आला गा तू त्या टायमाले?"

"उजेडासाठी," श्रीधर म्हणाला.

"आमी बी उजेडासाठीच येतो इथं. पण दिवेलागणीले."

खांबाखाली पडद्याकडे पाठ करून एक मुलगी भूमितीचे उसने पुस्तक वाचत होती. अंजनाबाईंची नात, पुष्पलता. त्यांच्या घरात वीज नव्हती. त्या घरातून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच होती.

श्रीधरने अहवालातले वाक्य वाचून दाखवले. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ओटा गेला, खांब गेला, तर हे पोरगी बसन कुठी, बाई?" अंजनाबाईंनी विचारले.

उत्तराबाई श्रीधरकडे वळल्या. मग म्हणाल्या, "श्रीधर, कॅमेऱ्यात फिल्म आहे?"

"आहे. पण एवढ्याशा उजेडात काही उठणार नाही."

बाईंनी माझ्यातले रीळ काढले आणि माझे तोंड चादरीकडून ओट्याकडे फिरवले.

"बल्ब आधीच तापलाय, जाईल, बाई. आपल्याकडे दुसरा नाही."

"जाऊ दे."

माझ्या पोटात तेव्हा एकही चित्र नव्हते. नुसता उजेड होता, आणि त्यात चौक होता. कुणी लेकीची वेणी घालत होती. दोघे पत्ते पिसत होते. एक म्हातारा उघड्या दगडावर आडवा होऊन पाठ निववत होता. पुष्पलताने डोळ्यांवर हात धरला.

"पाहू नको वं तिकडं," अंजनाबाई म्हणाल्या. "वाच तू."

तिने पान उलटले. कॅमेरा खरखरत राहिला. तो थांबला, आणि थोड्याच वेळात माझा बल्ब गेला.

ती फिल्म दाणेदार आली, अर्धी काळी. पण माणसे दिसत होती. अहवाल नव्याने लिहिला गेला. ओटा राहिला, खांब राहिला, रस्ता तिथे थोडा वाकला.

(पुढचा तुकडा लांब आहे आणि त्यात काही घडत नाही.)

माझा बल्ब परदेशी होता. तो यायला फार वेळ लागला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि मी सामानाच्या खोलीत गेलो. माझ्यावर मोडके ड्रॉइंग बोर्ड रचले आहेत. माझे भिंग कुणी पुसले तर बरे वाटेल, नाही म्हणत नाही. पण मित्रांनो, त्याआधी एक करा. एखादी जागा रिकामी दिसली, तर ती पुसून टाकण्यापूर्वी दुसऱ्या वेळी पुन्हा तिथे जा. घाईने बघू नका.

श्रीधरने पहिली फिल्म काढली त्या दुपारी, ओट्यासमोरच्या बंद दाराआड, रात्री उशिरापर्यंत खांबाखाली वाचून दमलेली पुष्पलता झोपली होती.