ताणलेला दोरा

नव्व्याण्णव साली कौसरला मी घरीच शिकवत असे. डी.एड. होऊन मी नोकरीची वाट पाहत होतो, आणि माझी ही पाच वर्षांची भाची बोलत नसल्याने कोणतीच बालवाडी तिला ठेवून घेत नव्हती. भाट्ये खाडीकाठच्या आमच्या पडवीत आम्ही चिंचोके मोजत असू, फणसाच्या पानांच्या टोप्या करत असू, वाळूत अक्षरे गिरवत असू. अक्षर ती हुबेहूब काढी. त्याचा उच्चार मात्र तिच्यापर्यंत कधी पोहोचत नसे.

‘मुंबईला नेऊन कान तपासा,’ असे रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी सांगितले होते. तिचे वडील अक्रमभाई कुवेतहून रमजानच्या सुट्टीत येऊन तिला नेणार होते. माझ्या बहिणीला, सुरय्या आपाला, ते नको होते. मुंबईचा डॉक्टर जे सांगेल ते शेवटचे असेल, या भीतीने ती आतून वाळत चालली होती.

एका दुपारी मी दुधाच्या पावडरीचे दोन रिकामे डबे घेतले, बुडाला भोके पाडली आणि जाळ्याचा नायलॉनचा दोरा ओवून टेलिफोन केला. कौसरने आपला डबा गालावर दाबला. मी माझ्या डब्यात गुणगुणलो आणि ती खुदकन हसली. दोरा सैल पडला की तिचे हसू थांबे. मग ती आपणहून मागे मागे सरके आणि तो ताणून घेई.

आपा चुलीपासून उठून धावत आली. माझा डबा हिसकावून तिने त्यात हाक मारली, “कौसर!” पाठमोरी कौसर हसत वळली.

“ऐकलंन! या अल्ला, ऐकलंन माझ्या पोरीनं!”

“आपा, दोरा थरथरतो. ते तिच्या गालाला कळतं.”

“तू गप रे! मास्तर झालास म्हणून सगळं तुलाच कळतं काय?”

मी कौसरच्या मागे उभा राहून ताट वाजवले. ती वळली नाही.

“खेळात आहे ती,” आपा म्हणाली, आणि तिने ताट माझ्या हातातून काढून घेतले.

शुक्रवारी अक्रमभाईंचा फोन शेजारच्या वजीरचाचांकडे येई. त्या शुक्रवारी आपाने कौसरला नवा फ्रॉक घातला आणि आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो.

“काय मास्तर,” वजीरचाचा मला म्हणाले, “डब्यातनं कुवेत लागतं म्हणे तुझ्याकडं? मग माझ्या फोनला भाडं कोण देणार?”

मला हसता आले नाही. घंटी वाजली. “तिला ऐकू येतं!” आपा फोनमध्ये ओरडली. “तुम्हीच बोला!” आणि तिने रिसीव्हर कौसरच्या हाती दिला.

कौसरने तो गालावर दाबला, डोळे मिटले आणि थांबली. अक्रमभाई इतक्या मोठ्याने बोलत होते की खोलीभर ऐकू येत होते. “कौसर! बेटा, मी अब्बा! बोल ना!”

तिने डोळे उघडून वेटोळ्याच्या वायरीकडे पाहिले. वायर सैल होती. मग डब्यांच्या खेळात करी तशी ती एक एक पाऊल मागे सरकू लागली. वेटोळी उलगडली. ती उंबऱ्यापर्यंत गेली. टेबलावरून फोन घसरला तो चाचांनी झेलला. कौसरने बोटाने वायर चाचपली. ती पुरती ताणलेली होती. तिने पुन्हा गाल टेकवला. तिच्या हातात बाप तिचे नाव घेत होता.

आपाने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मग ती पुढे झाली आणि तिने हळूच रिसीव्हर काढून घेतला.

“लाजते ती,” ती म्हणाली.

पलीकडे अक्रमभाई मोकळेपणी हसले. “मामूवर गेली! चला, ऐकते ना, मग मुंबईचं राहू दे. पुढच्या वर्षीच येतो.”

“हो,” आपा म्हणाली. “राहू दे.”

कौसर माझा हात धरून दाराबाहेर ओढत होती. तिला घरी जाऊन डब्यांशी खेळायचे होते.