एर्लिंदाच्या दाराकडे तोंड केलेला कर्णा

मित्रांनो, हसू नका. सध्या ज्यात कोंबडी अंडी घालते, असा मी लाउडस्पीकरचा एक जुना कर्णा आहे. ग्वातेमालातल्या एका डोंगरगावात, कॉफीच्या मळ्यांमधल्या प्रार्थनाघराच्या छपरावर मी अकरा वर्षं काढली. त्याआधी जंतांचं औषध विकणाऱ्याच्या गाडीवर ओरडायचो. त्या माणसाला निदान एवढं कळत होतं, की औषध बाटलीत आहे, कर्ण्यात नाही.

पास्टर अब्दियास यांना ते कळत नव्हतं. माणूस वाईट नाही. पण देव येत नाही तो आवाज कमी पडतो म्हणून, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यांनी डावा हात वर केला की कीबोर्डवाल्याने हळू सूर धरायचे आणि लोकांनी रडायचं. दर शनिवारी याची तालीम व्हायची. पवित्र आत्म्याची तालीम! वर लोक म्हणायचे, "काय कर्णा आहे! आत्मा उतरतो यातून!" अहो, माझ्यातून फक्त आवाज उतरतो. खोटी स्तुती ऐकून माझा पत्रा तापायचा.

त्यातच कासिल्दाबाईंचं प्रकरण आलं. लेकीने, एर्लिंदाने, एका दारुड्याशी लग्न केलं म्हणून बाईंनी सहा वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दारुडा मेला, पदरात दोन पोरी राहिल्या. एर्लिंदाचं घर प्रार्थनाघरासमोर, रस्त्यापलीकडेच. आता ती पोरींना घेऊन सोमवारच्या बसने गाव सोडणार होती, बहुधा कायमचं. त्याआधी बाईंना तिला माफ करायचं होतं. ते काही जमत नव्हतं.

"जोर कमी पडतोय, ताई," पास्टर म्हणाले. "सात दिवस उपास करा. रोजच्या सभेत पुढे येऊन मोठ्याने म्हणा, मी माफ केलं."

बाईंनी तेही केलं. रोज पुढे आल्या, रडल्या, ओरडल्या आणि लेकीच्या दाराकडे न बघता घरी गेल्या. मग पास्टरनी शिडी लावून मला वळवलं, थेट एर्लिंदाच्या दाराकडे. म्हणजे आईची माफी मी तिच्या अंगावर ओरडायची! एर्लिंदाने खिडकीत गोधडी कोंबली. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी सात दिवसांतली शेवटची सभा होती. पास्टरचा डावा हात वर गेला. तेवढ्यात कासिल्दाबाई उठल्या. भिंतीपाशी जाऊन त्यांनी माझी वायर उपटली.

"ताई, हे काय?"

"जरा गप्प बसा हो, पास्टर. सात दिवस तुमचंच ऐकतेय मी."

मग त्या बाकावर बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "देवा, खोटं बोलले मी. माफ केलेलं नाही तिला. माझ्याच्यानं होत नाही. तुझ्या आत्म्यानं केलंस तर होईल, नाहीतर राहिलं."

कोणी रडलं नाही. बाहेर कुणाचा तरी कोंबडा आरवला. मग बाई उठल्या आणि अनवाणीच रस्ता ओलांडून गेल्या. त्यांनी दार वाजवलं.

"आता काय राहिलंय ओरडायचं?" आतून एर्लिंदा म्हणाली.

"काही नाही गं. पोरींना बघू दे."

दार उघडलं. थोड्या वेळाने खिडकीतली गोधडीही निघाली.

सोमवारी एर्लिंदा गेलीच. पण धाकटी आजीच्या कडेवर बसून बसपर्यंत गेली.

पुढच्या रविवारी पास्टर म्हणाले, "पाहिलंत? कर्णा तिकडे वळवला आणि चमत्कार झाला!"

"कर्ण्यानं नाही हो," कासिल्दाबाई बाकावरूनच म्हणाल्या. "माझ्यानंही नाही. तेवढा चांगुलपणा माझ्यात असता तर सहा वर्षं लागली असती का?"

लोक हसले. पास्टरही हसले, आणि महिन्याभरात माझ्याहून मोठे दोन कर्णे घेऊन आले. मी खुराड्यात गेलो.

मित्रांनो, वस्तू जपत जा. माझा गंज कुणी पुसला तर मला बरंच वाटेल. पण देवाचं काम आमच्या गळ्यात बांधू नका, आणि स्वतःच्याही नाही. ते तुमच्या जोराने होत नाही, आमच्या तर नाहीच. हे मी किती ओरडून सांगणार? नवे कर्णे लावताना पास्टरनी त्यांची तोंडं पुन्हा त्याच घराकडे केली आहेत. त्या घराला आता कुलूप आहे.