देवाच्या वाट्याची मडकी

मी देवाच्या वाट्याची मडकी बोलतेय. पिंपळनेरच्या बाजारात धनीबाईनं मला टकटक वाजवून घेतलं, तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी पाणी नाहीतर ताक. पण तिनं मला चुलीजवळ ठेवलं आणि रोज दळायला बसण्याआधी सुपातली मूठभर नागली माझ्यात टाकू लागली. पाड्यावरच्या ख्रिस्ती घरांत ती रीतच होती. रविवारी बाया आपापल्या मडक्या घेऊन प्रार्थनेला जायच्या, आणि ज्या घरी अडचण असेल तिथे प्रार्थना चालवणारे शालिग्राम मास्तर तो दाणा पाठवायचे.

मग एकोणीसशे अठरा साल आलं. पाऊस पडलाच नाही आणि वर मानमोडीचा ताप आला. धनीबाईचा नवरा करमसिंग तिसऱ्या दिवशी गेला. त्याला माती देऊन आली आणि दुसऱ्या सकाळी तिनं माझ्यात मूठ टाकली. मी हबकलेच. अगं, ज्यानं तुझा माणूस नेला त्यालाच दाणा देतेस? पण मडकीचं कोण ऐकतं!

पुढे कणगी तळाला गेली. धनीबाईची चार वर्षांची लेक रूथ भुकेनं रडायचंही विसरली. शेजारच्या खोपटात थोरली जाऊ दगडीबाई राहायची. ती ख्रिस्ती नव्हती. तिचा नवरा आणि लेक दोघंही तापानं पडून होते. एके सकाळी तिनं धनीबाईला माझ्यात मूठ टाकताना पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"याडी शे का तू? पोर भुकी शे, आन तू देवले दाना देस?"

"तो दाना मना नई शे, अक्का. त्याना शे. तो माले इसरस नई."

मला धनीबाईचा राग आला, खोटं कशाला सांगू. शनिवारी घरातली शेवटची मूठ माझ्यात पडली आणि चूल पेटलीच नाही.

रविवारी दहा मडक्या आल्या. नऊ रिकाम्या होत्या. मास्तरांनी धनीबाईला विचारलं, घरी आहे ना काही? आमच्या माणसांना या प्रश्नाचं एकच उत्तर येतं. प्रभूची कृपा आहे. तिनंही तेच दिलं, आणि त्यावर पुढे कुणी विचारत नसतं. उलट मास्तर म्हणाले, दगडीबाईकडे दोघं आजारी आहेत, तुझ्या मडकीतलं तिलाच नेऊन दे. मला वाटलं, आता इथेच फुटून जावं. धनीबाई मात्र मान डोलावून उठली आणि रूथला कडेवर घेऊन निघाली.

दगडीबाईनं मला लगेच ओळखलं. तिनं माझ्यात हात घालून पाहिलं, मग धनीबाईच्या छपराकडे पाहिलं. धूर नव्हता.

"तुना घरमा काय शे?"

नेहमीचं उत्तर या वेळी धनीबाईच्या तोंडून निघेना.

"काहीच नई शे, अक्का."

दगडीबाई जात्यावर बसली. दोन भाकरी झाल्या. पहिली तिनं तव्यावरून काढली ती फुंकर घालून रूथच्या हातात दिली, आणि दुसरी पाण्यात कुस्करून आपल्या आजाऱ्यांना भरवली. धनीबाई तेव्हा रडली. करमसिंग गेल्यावरही ती अशी रडली नव्हती. देव आपल्याला विसरणार नाही हे ती रोज म्हणायची, पण तो जावेच्या हातानं येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या तर मुळीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जावा मिळून डोंगरात कंद खणायला जाऊ लागल्या. पुढच्या पावसापर्यंत दोन्ही घरं एकाच चुलीवर जेवली आणि सगळी तगली.

पुढे मास्तरांनाही हे कळलं.

आज त्याला एकोणतीस वर्षं झाली. धनीबाई राहिली नाही. माझा काठ फुटलाय, तरी रूथ माझ्यात मूठ टाकते. मला तुमच्याकडे काही मागायचं नाही, एवढंच सांगायचंय. ते सगळं कळलं त्या दिवसापासून शालिग्राम मास्तरांनी घरी आहे ना, असं विचारणं सोडून दिलं. ते घरात यायचे, चुलीपाशी वाकायचे आणि राख गरम आहे का, ते हात घालून बघायचे.