पुष्पावतीबाईंच्या पेशी

पाथर्डीजवळच्या वस्तीवर पुष्पावतीबाई अंगणात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. नगरच्या डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा मोडलेला गोळा काढून धातूचा खुबा बसवायचं ठरवलं. त्यांची लेक राजेश्वरी त्याच शहरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. शरीरात बसवायच्या धातूला हाडाच्या पेशींनी घट्ट धरावं, म्हणून त्याचा पृष्ठभाग कसा करायचा, हाच तिचा विषय. धातूच्या गुळगुळीत चकतीवर पेशी टिकत नसत. आम्लात बुडवून खडबडीत केलेल्या चकतीवर टिकत. पण त्या विकत आणलेल्या, जोमदार पेशी होत्या. म्हाताऱ्या हाडाचं काय, ते तिला कळत नव्हतं.

ऑपरेशनमध्ये निघणारं हाड टाकूनच देतात. ते मागावं असं तिच्या मनात आलं, पण आईसमोर तोंड उघडेना.

"तू मध्ये पडूच नकोस," सोबत काम करणारी अल्मास म्हणाली. "मी विचारते. नाही म्हणाल्या तर विषय संपला."

दवाखान्यात अल्मासने सगळं समजावलं. पुष्पावतीबाईंनी विचारलं, "त्यानं माजा पाय लवकर बरा व्हईल?"

"नाही, मावशी. तुम्हाला काहीच उपयोग नाही. झाला तर पुढं दुसऱ्या कुणाला."

"मंग राजीनं का न्हाई इचारलं?"

"तिनं विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून."

बाई हसल्या. "लई शानी हाय. घ्या मंग."

ऑपरेशन झालं. हाडातून पेशी निघाल्या, सावकाश वाढल्या, आणि एका सकाळी त्या वाढवायच्या निम्म्या बशांमध्ये बुरशी दिसली. राजेश्वरी त्या दिवशी जेवली नाही. उरलेल्या पेशी अल्मासने गोठवून ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. पण या पेशी खडबडीत चकतीवरही फारशा राहीनात. धुतलं की वाहून जात. मग राजेश्वरीने चकतीवर प्रथिनाचा पातळ थर दिला. तो कधी जाड व्हायचा, कधी सुटून यायचा. अखेर नीट बसला, आणि पेशी धुतल्यावरही जागच्या हलल्या नाहीत.

वॉकर टेकत पुष्पावतीबाई प्रयोगशाळेत आल्या. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरव्या, पसरलेल्या आकृत्या होत्या, कडांना बारीक बारीक पाय फुटलेल्या.

"ह्या माज्या?"

"हो."

"जित्या हायत?"

राजेश्वरी अडखळली. "ह्या नाहीत, आई. रंग द्यायला मारावं लागतं. जिवंत आहेत त्या तिकडं, उबेच्या पेटीत."

बाईंनी वळून पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आता म्हाताऱ्यांस्नी असलाच खुबा बसवनार?"

"इतक्यात नाही. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तपासायचं. कित्येक वर्षं जातील. जमेलच असंही नाही."

"बरं. पर पेशी म्हंजे काय, ते सांग की नीट. अल्मासनं सांगितलं तवा मी नुसती मान डोलावली."

राजेश्वरीने स्टूल ओढून आईला बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.